शववस्त्र आणि चीवर : मध्ययुगीन वसई परिसरातील पोशाख व समाजरचना

पापडी हे वसईतील जुने गाव. त्याच्या एका बाजूस पोर्तुगीजांनी बांधलेला वसईचा किल्ला आहे आणि दुसऱ्या बाजूस प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले. तेव्हा त्याच्या गाभ्यातील दगडी करंड्यात भिक्षापात्राच्या तुकड्यांबरोबर आठ लहान कांस्यमूर्ती मिळाल्या. त्या इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. त्यांपैकी सात मूर्ती बुद्धांच्या असून त्यांच्या अंगावर चीवराशिवाय दुसरे काही नाही. आठवी मूर्ती मैत्रेय बोधिसत्त्वाची आहे. तिच्या मस्तकी मुकुट व अंगावर राजपुत्राचे अलंकार आहेत. मध्ययुगाच्या आरंभी या किनाऱ्यावरील कारागिराला माहीत असलेली वेषाची दोन टोके, राजवेष आणि भिक्षुवेष, अशी एकाच करंड्यात जतन झाली आहेत.

मध्ययुगात निरनिराळ्या थरांतील लोक काय नेसत होते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौशी जिज्ञासेचा वाटतो. राजाने काय परिधान केले आणि राणीच्या अंगावर कोणते दागिने होते, याची वर्णने पुष्कळ उपलब्ध आहेत. परंतु ज्या समाजात जन्मावरून माणसाची जागा ठरत होती, त्या समाजात वस्त्र हे थंडीवाऱ्यापासून रक्षण करणारे साधन एवढेच नव्हते. समोरून येणारा मनुष्य कोण आहे, त्याला वाट द्यावयाची की त्याला वाटेतून बाजूस सारावयाचे, हे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच कळावे म्हणून वस्त्राची योजना होती. या दृष्टीने पाहिल्यास पोशाखाचा इतिहास हा विषमतेचा इतिहास ठरतो. या विषमतेला याच भूमीत बौद्ध संघाने वस्त्राच्याच भाषेत उत्तर दिले होते. ते उत्तर काय होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समान कापड, असमान वस्त्र

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. पूर्वमध्ययुगीन कोकणातील पोशाख मूलतः न शिवलेल्या कापडाचा होता. कमरेला गुंडाळलेले एक वस्त्र, खांद्यावर दुसरे आणि डोक्याला तिसरे, ही त्याची सर्वसाधारण घडण होती. शिल्हार काळातील शिल्पांत मोठ्या पदाच्या पुरुषांचाही कमरेवरचा भाग बहुधा उघडाच दिसतो. दहाव्या शतकातील अरब भूगोलकार इब्न हौकल याने खंबायतेपासून सैमूरपर्यंतच्या, म्हणजे चौलपर्यंतच्या, किनाऱ्याविषयी एक महत्त्वाची नोंद केली आहे. या प्रदेशात मुसलमान आणि इतर लोक सारखाच वेष करतात, दाढीही सारखीच राखतात आणि उष्म्यामुळे तलम सुती वस्त्रे वापरतात, असे तो सांगतो. सोपारे याच पट्ट्यात येते. म्हणजे त्या काळी या किनाऱ्यावर केवळ वेषावरून धर्म ओळखता येत नव्हता.

कापडाची येथे वाणही नव्हती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो याने ठाण्याच्या व्यापाराचे वर्णन करताना कातडी, कापूस व सुती कापड यांचा उल्लेख केला आहे. विणकर, रंगारी आणि शिंपी हे येथील समाजाचे जुने घटक होते. तरीही सर्वांच्या अंगावर सारखे कापड नव्हते. भेद दिसत होता तो सुताच्या तलमपणात, काठाच्या रंगात, वस्त्राच्या लांबीत, दागिन्यांच्या धातूत, पायातील वहाणेत आणि डोक्यावरील छत्रात. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात वस्त्रोपभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या ऋतूत राजाने कोणते वस्त्र ल्यावे, कापूस, क्षौम, रेशीम व लोकर यांचे कोणते प्रकार कोठून येतात आणि त्यांचे रंग कोणते, हे तेथे बारकाईने सांगितले आहे. मात्र ते कापड विणणाऱ्याने स्वतः काय नेसावे, हे सांगण्याचे त्या ग्रंथाला प्रयोजन नव्हते.

पोशाखाच्या इतिहासाची खरी अडचण येथेच आहे. श्रीमंतांचे वस्त्र शिल्पात कोरले जाते, चित्रात रंगविले जाते, ग्रंथात वर्णिले जाते. गरिबाचे वस्त्र अंगावरच विरते. त्याचा माग घ्यावयाचा तर तो बहुधा निषेधांच्या यादीतच सापडतो. अमुकाने अमुक नेसू नये, असे जेथे लिहिले आहे, तेथेच तो अमुक मनुष्य प्रथम दृष्टीस पडतो.

सोपाऱ्यातील एका घराची कथा

वस्त्रावरून होणारा भेद मध्ययुगातच निर्माण झाला असे नाही. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथातील पूर्णावदान ही कथा सोपाऱ्याच्या एका सधन व्यापाऱ्याच्या घरात घडते. त्या व्यापाऱ्याला पत्नीपासून तीन पुत्र झाले आणि दासीपासून चौथा. हा चौथा पुत्र म्हणजे पूर्ण. वडिलांच्या पश्चात दुकान पूर्णाच्या हाती असताना एका भावाचे मूल दुकानात आले, तेव्हा काशीच्या उंची वस्त्रांची बखार उघडलेली होती. त्यामुळे त्या मुलाला काशीचे वस्त्र मिळाले. इतर भावांची मुले आली, तेव्हा फुट्टक नावाच्या साध्या कापडाची बखार उघडलेली होती. त्यांना ते मिळाले. एवढ्या कारणावरून जावाजावांत तेढ वाढली आणि अखेर घराची वाटणी झाली. त्या वाटणीत दासीपुत्र पूर्णाची गणना वारसांत न होता मालमत्तेत झाली.

कथेतील हा प्रसंग लहान आहे, परंतु मार्मिक आहे. एकाच घरातील मुलांच्या अंगावरच्या कापडाची प्रत बदलताच घर फुटते. पुढे हाच पूर्ण समुद्रव्यापारात मोठे धन मिळवितो, तथागतांच्या संघात प्रवेश करतो आणि अर्हतपदाला पोहोचतो. ज्याला मालमत्ता म्हणून मोजले गेले, त्याच्या अंगावर चीवर आले. काशीचे वस्त्र आणि फुट्टक यांच्या वादात न बसणारे हे तिसरे वस्त्र होते.

चीवराचा विनय

विनयपिटकातील महावग्गात चीवराविषयी एक संपूर्ण खंधक आहे. आरंभीच्या काळात भिक्षू पांसुकूल वापरीत, म्हणजे उकिरड्यावर, रस्त्यावर किंवा स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून त्यांचे वस्त्र करीत. पुढे राजवैद्य जीवक याने आपणांस मिळालेली उंची वस्त्रजोडी भगवान बुद्धांना अर्पण केली, तेव्हा गृहस्थांनी दिलेले वस्त्र स्वीकारण्याची अनुज्ञा मिळाली. क्षौम, कापूस, रेशीम, लोकर, ताग व मिश्र धाग्यांचे कापड, असे सहा प्रकार चालतील असे ठरले. मात्र कापड कोणतेही असले तरी ते कापून, तुकडे जोडून आणि रंगवूनच वापरावयाचे होते. मगधातील बांधबंदिस्ती केलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदाला तशा आकृतीचे चीवर शिवण्याची सूचना केली, अशी हकीकत त्या खंधकात आहे. पावसाळ्यात वसईच्या शिवारातील भाताची खाचरे ज्याने पाहिली आहेत, त्याला चीवराची ही आकृती समजावून सांगावी लागणार नाही.

कापण्याच्या या नियमामागचा विचार महत्त्वाचा आहे. अखंड उंची वस्त्राला बाजारात किंमत असते आणि समाजात प्रतिष्ठा असते. ते कापले, तुकडे जोडले आणि एकाच काषाय रंगात बुडविले की दोन्ही नाहीशा होतात. राजवैद्याने दिलेले रेशीम आणि उकिरड्यावरची चिंधी यांत मग डोळ्यांना दिसणारा फरक उरत नाही. शाक्य राजपुत्र आणि त्यांचा न्हावी उपाली एकाच वेळी प्रव्रजित झाले, तेव्हा शाक्यांनी आपला अभिमान मोडावा म्हणून उपालीला आधी दीक्षा देण्याची विनंती केली. संघात ज्येष्ठत्व मिळाले ते दीक्षेच्या क्रमाने, आणि वेष सर्वांचा एकच राहिला.

या चीवराची व्यवस्था समाजाच्या आर्थिक व्यवहारात कशी गुंतलेली होती, याचा पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापणांचे अक्षय दान दिले. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या व्याजाने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले होते. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. राजकुलाचे धन, विणकरांचा उद्योग आणि भिक्षूचे वस्त्र यांची अशी सांगड तेथे घातलेली होती.

ही परंपरा मध्ययुगातही खंडित झाली नव्हती. वसईच्या खाडीपलीकडे असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत नवव्या शतकातील शिल्हारकालीन लेख आहेत. शके ७६५ च्या, म्हणजे इसवी सन ८४३ च्या सुमाराच्या लेखात शिल्हार पुल्लशक्तीच्या काळी मिळालेल्या देणगीचा विनियोग सांगितला असून बुद्धपूजा, विहाराची डागडुजी आणि ग्रंथ यांच्याबरोबर भिक्षूंच्या चीवरांचाही त्यात समावेश आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी गौड देशाहून, म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने येथे १०० द्रम्मांचे दान ठेवले. त्यातही भिक्षूंच्या वस्त्रांची तरतूद आहे. वर उल्लेखिलेल्या सोपाऱ्याच्या कांस्यमूर्ती साधारणपणे याच काळातील आहेत.

स्मशानातील कापडाचे दोन अर्थ

येथे एक तुलना करणे अपरिहार्य आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांविषयीचे नियम आहेत. त्यांनी गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत आणि दिवसा गावात कामासाठी येताना राजाज्ञेने ठरविलेल्या खुणा अंगावर बाळगाव्यात, असे तेथे सांगितले आहे. धर्मशास्त्रातील प्रत्येक नियम प्रत्येक गावी अमलात होता, असे मानता येत नाही. परंतु महाराष्ट्रातील गावगाड्यात प्रेतावरचे वस्त्र हा महाराचा ‘हक्क’ म्हणून विसाव्या शतकापर्यंत चालत आला, ही गोष्ट सर्वविदित आहे. अपमानालाच हक्काचे नाव दिले गेले होते.

आता पांसुकूल आणि हे शववस्त्र शेजारी ठेवून पाहावे. कापड एकच आहे. दोन्ही स्मशानातून आलेले आहे, दोन्ही दुसऱ्याने टाकलेले आहे. मनूच्या व्यवस्थेत ते जन्माने ठरलेल्या माणसाच्या अंगावर लादले जाते आणि त्याची अपवित्रता जाहीर करते. संघात तेच कापड राजपुत्रही स्वेच्छेने उचलतो, धुतो, शिवतो. आणि पांसुकूलधारी भिक्षू अधिक आदरास पात्र ठरतो. महाकाश्यपासारख्या श्रेष्ठ थेराची ओळख याच वस्त्राने झालेली आहे. कापडाला स्वतःचा असा शुद्ध-अशुद्ध गुणधर्म नाही, तो समाज त्याला चिकटवितो, हे संघाने अशा रीतीने आचरणातून दाखवून दिले.

मात्र इतिहासाचा अभ्यास करताना आपल्या परंपरेकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. मालकाने मुक्त न केलेल्या दासाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम विनयातही आहे. संघाने भोवतालची दास्यसंस्था मोडली नाही. आपल्या सीमेच्या आत मात्र वेषातील भेद मोडला. शिल्हारांनंतर उत्तर कोकणातील संघ क्षीण झाला, तसे हे उदाहरण लोकांच्या डोळ्यांसमोरून नाहीसे झाले. उरले ते फक्त दुसरे वस्त्र.

पोर्तुगीज वसई

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे हा प्रदेश त्यांच्या ताब्यात होता. पापडीचे ग्रेस माउलीचे चर्च त्याच काळातील परंपरा सांगते. या सत्तेने वेषाची एक नवी उतरंड आणली. किल्ल्यातील फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार, शिवलेले युरोपीय कपडे वापरीत. १६९५ साली दमणमार्गे वसईस आलेला इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी याने येथील पोर्तुगीजांच्या ऐषारामाचे वर्णन केले आहे. त्यांच्या पालख्या गुलाम वाहून नेत आणि त्यांच्या डोक्यावर ताडाच्या पानांच्या मोठ्या छत्र्या गुलामच धरीत. ज्याच्या डोक्यावर छत्र आहे तो आणि ज्याच्या हातात छत्राचा दांडा आहे तो, हा भेद दुरूनही कळत होता.

या नव्या सत्तेखाली जुनी उतरंड मोडली का? गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात वसईच्या प्रदेशातील लोकांची माहिती दिली आहे. शेती करणारे कुणबी, बागाईत करणारे माळी, व्यापार करणारे वाणी आणि पारशी यांच्यानंतर तो ‘देरे’ किंवा ‘फराझ’ म्हटल्या जाणाऱ्या लोकांचा उल्लेख करतो. सर्वजण त्यांचा तिरस्कार करतात, त्यांना कोणी शिवत नाही, गावातील उरलेले अन्न त्यांना अंतर राखून दिले जाते आणि घरांतील व रस्त्यांवरील घाण काढणे हे त्यांचे काम आहे, असे तो नोंदवितो. सोळाव्या शतकातील वसईच्या अस्पृश्यांविषयीची ही मोलाची साक्ष आहे. राजा बदलला, परंतु गावाबाहेरची वस्ती गावाबाहेरच राहिली.

ही साक्ष देणारा ओर्ता स्वतः धर्मांतर केलेल्या ज्यू कुळातील होता. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण संस्था, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाली. वसईही तिच्या अधिकारक्षेत्रात होती. ओर्ताच्या मृत्यूनंतर १५८० मध्ये या संस्थेने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. या संस्थेने शिक्षेसाठीही वस्त्राचाच वापर केला. दमण येथे पकडलेल्या आणि १६७४ साली वसईच्या तुरुंगातून गोव्यास नेलेल्या शार्ल दलों या फ्रेंच वैद्याने आपला अनुभव लिहून ठेवला आहे. दोषी ठरलेल्यांना ‘सांबेनितो’ नावाचा पिवळा अंगरखा घालून मिरविले जाई. त्यावर पुढे व मागे तांबडी फुली असे. जाळावयाच्या माणसाच्या झग्यावर ज्वाळा व सैतान रंगविलेले असत. भिक्षूच्या पीतवर्णी चीवराला कान्हेरीत द्रम्मांची दाने मिळत होती. त्याच किनाऱ्यावर आठ शतकांनी पिवळे वस्त्र भयाची खूण झाले. ते कोणी दिले आणि ज्याने नेसले त्याच्या इच्छेने की इच्छेविरुद्ध, यावर त्याचा अर्थ अवलंबून होता.

१४ एप्रिल १७३६ रोजी याच संस्थेने काढलेल्या फर्मानात देशी ख्रिस्ती पुरुषांनी पुडवे, म्हणजे धोतर, आणि स्त्रियांनी चोळी वापरू नये असे बजावले होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. फर्माने निघाली तरी वसईच्या गावांतील ख्रिस्ती स्त्रियांनी लुगडे-चोळी टाकली नाही. आजही या परिसरातील वृद्ध ख्रिस्ती स्त्रियांच्या अंगावर नऊवारी लुगडे दिसते. श्रद्धा बदलली तरी नेसण बदलण्यास त्या तयार झाल्या नाहीत. हाही या इतिहासाचाच एक धडा आहे.

महाड आणि नागपूर

मराठी सत्ता आल्याने वेषाच्या निषेधांतून अस्पृश्यांची सुटका झाली नाही. पेशवाईतील स्थितीविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात लिहिले आहे. अस्पृश्याने ओळखू यावे म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, पुण्यात कमरेला झाडू बांधून पावले पुसावीत, गळ्यात मडके अडकवावे, अशी बंधने त्यांनी तेथे नमूद केली आहेत. त्याच प्रबंधात त्यांनी १९२८ सालचे इंदूर संस्थानातील बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. बलाईंनी जरीच्या काठाची पगडी घालू नये, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये, त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, अशा अटी सवर्णांनी त्यांच्यावर घातल्या होत्या. मनूच्या अध्यायापासून हे अंतर शतकानुशतकांचे असले तरी हेतू तोच होता. ‘मध्ययुगीन पोशाख’ हा विषय म्हणूनच वस्तुसंग्रहालयात बंद करून ठेवण्याजोगा नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा प्रश्न मुद्दाम घेतला. अस्पृश्यतेची खूण ठरलेली आखूड नेसण आणि जाडजूड दागिने टाकून द्यावेत, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे घोट्यापर्यंत नेसावे, असे त्यांनी सांगितले. आणि अनेक स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले. वेषाच्या या उपदेशात नीटनेटकेपणाचा आग्रह होताच, परंतु त्याहून मोठी गोष्ट ही की, समाजाने अंगावर लिहिलेला मजकूर त्या स्त्रियांनी स्वतःच्या हाताने पुसला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेसाठी लोक शुभ्र वस्त्रे परिधान करून आले. पाली साहित्यात गृहस्थ उपासकासाठी ‘ओदातवसन’ म्हणजे श्वेतवस्त्रधारी असा शब्द आहे. मोलमजुरी करणाऱ्या त्या लक्षावधी माणसांपैकी कित्येकांच्या घरी प्रेतवस्त्राचा ‘हक्क’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. गावकामगार वतने रद्द करणारा कायदा त्यानंतर १९५८ मध्ये झाला. कायद्याने ते वस्त्र काढून घेण्यापूर्वीच त्यांनी ते टाकले होते, आणि त्याच्या जागी स्वतः विकत घेतलेले, स्वतः धुतलेले पांढरे वस्त्र आले होते.

आज पापडीच्या रस्त्याने जाताना कोणाच्या कपड्यावरून त्याची जात सांगता येत नाही. ही स्थिती आपोआप आलेली नाही. सोपाऱ्याच्या करंड्यातील त्या आठ मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात गेल्या. स्तूपाचे अवशेष मात्र जागेवर आहेत. बुद्धपौर्णिमेला शुभ्र वस्त्रे नेसून तेथे जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी आपल्या अंगावरील कापडाचा हा इतिहास एकदा मुलांना सांगावा, एवढीच अपेक्षा आहे.